नऊ दांड्या आणि एक गंधार : हॅमंड ऑर्गन शिकायला बसताना

खर्जाची तार छेडून तानपुऱ्याला कान लावून बसलं की थोड्या वेळाने कुणीच न छेडलेला गंधार ऐकू यायला लागतो. स्वयंभू गंधार. हॅमंड ऑर्गनवर तोच गंधार एका दांडीला (इंग्रजीत ड्रॉबार) बांधलेला आहे : डावीकडून सातवी, काळ्या रंगाची. दांडी ओढली की गंधार येतो, आत ढकलली की जातो. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मी हेडफोन लावून तासभर ती एकच दांडी आतबाहेर करत बसलो होतो. गाणं एकही वाजवलं नाही.

तुमचाही तसा एक तास जावा म्हणून हे लिहितो आहे. पेटी थोडीफार येते, किंवा कीबोर्डवर सरगम वाजते, आणि 'ऑर्गन' नावाच्या बटणामागचं वाद्य खरंच शिकायचं आहे, अशांनी कुठून सुरुवात करावी ते क्रमाने सांगतो. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यांपुढे येतो. तो वेगळा. त्यात हवेवर थरथरणारे धातूचे सूर असतात. हॅमंडमध्ये हवेचं कामच नाही.

आधी आतली चाकं समजून घ्या

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. वाद्य आत कसं चालतं ते कळलं की वाजवण्यातल्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

लॉरेन्स हॅमंड (१८९५–१९७३) हा अमेरिकन इंजिनिअर. स्वतः वादक नव्हता. विजेवर चालणारी घड्याळं बनवण्याचा त्याचा धंदा होता. त्या घड्याळांतली सिंक्रोनस मोटर घरात येणाऱ्या विजेच्या फ्रिक्वेन्सीला धरून फिरते, त्यामुळे तिचा वेग ढळत नाही. हॅमंडने तीच मोटर ऑर्गनला लावली. २४ एप्रिल १९३४ रोजी त्याला पेटंट मिळालं आणि १९३५ मध्ये 'मॉडेल ए' बाजारात आलं.

मोटर एका लांब आसाला फिरवते आणि आसावरच्या गिअरांमधून पोलादी चाकं फिरतात. चाकांना कडेने दाते असतात. प्रत्येक चाकासमोर एक चुंबकाची कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं. दाता कांडीसमोरून गेला की वेटोळ्यात विजेची एक छोटी लाट उठते. सेकंदाला जितके दाते समोरून जातील तितकी त्या सुराची कंपनं. एक उदाहरण घेऊ. मोटर सेकंदाला २० फेऱ्या घेते. गिअरमुळे एका चाकाच्या २७.५ फेऱ्या होतात. त्या चाकाला दाते १६. गुणाकार करा : ४४०. पाश्चात्त्य वादक ज्या सुराला वाद्यं लावतात ती ही पांढरी सहा. बी-३ या सगळ्यात गाजलेल्या मॉडेलमध्ये अशी ९१ सुरांची चाकं अखंड फिरत असतात, तुम्ही काही वाजवा अथवा न वाजवा. पट्टी दाबणं म्हणजे फक्त आधीच तयार असलेल्या सुराला वाट मोकळी करून देणं. म्हणूनच हे वाद्य कधी बेसूर होत नाही. त्याला लावावंच लागत नाही.

फिरत्या यंत्रातून सूर काढायची कल्पना हॅमंडच्या आधीची. थॅडियस केहिलने याच तत्त्वावर टेलहार्मोनियम उभारलं होतं आणि १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं संगीत टेलिफोनच्या तारांवरून ऐकवलं. पण त्या काळी अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, म्हणून तारेत जायला पुरेल इतकी वीज यंत्रानेच निर्माण करायची होती. त्याचं वजन २०० टनांच्या घरात गेलं. हॅमंडच्या वेळेपर्यंत व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आले होते. त्यामुळे तळहातावर मावतील एवढ्या चाकांवर त्याचं भागलं.

कंपनीने सुरुवातीला हा ऑर्गन पाइप ऑर्गनच्या तोडीचा म्हणून विकला. पाइप ऑर्गनवाल्यांना ते रुचलं नाही, प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे गेलं आणि १९३८ मध्ये कमिशनने कंपनीला असे काही दावे थांबवायला सांगितले. मला वाटतं, त्यात वाद्याचं भलंच झालं. पाइपची नक्कल म्हणून हॅमंड आज कुणाच्या लक्षात नाही. तो त्याच्या स्वतःच्या आवाजासाठी जगला.

वाद्य कुठून आणायचं

तीन वाटा आहेत.

सगळ्यात स्वस्त वाट संगणकाची. 'सेटबीफ्री' नावाचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हॅमंडची चाकं, दांड्या आणि लेस्ली नावाचा फिरता स्पीकर (त्याच्याविषयी पुढे) हे सगळं संगणकात उभं करतं. सोबत संगणकाला जोडायचा ६१ पट्ट्यांचा साधा मिडी कीबोर्ड हवा, शक्यतो नऊ स्लायडर असलेला. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण यात मी दोन दिवस घालवले : हॅमंडची दांडी स्वतःकडे ओढली की आवाज वाढतो, कीबोर्डचा स्लायडर मात्र पुढे सरकवला की वाढतो. सॉफ्टवेअरमध्ये स्लायडरची दिशा उलटी करून घ्या, नाहीतर हाताला कायमची उलटी सवय लागेल.

दुसरी वाट खास ऑर्गनसाठी बनवलेल्या डिजिटल कीबोर्डची. हॅमंडचं नाव आता जपानच्या सुझुकी कंपनीकडे आहे आणि ते अशी वाद्यं बनवतात; स्वीडनच्या नॉर्डसारखे इतरही आहेत. दुकानात गेलात तर आवाजांची यादी वाचत बसू नका. दांड्या खऱ्या, हाताने ओढायच्या आहेत का? पट्टीची पुढची कड गोल उतरती आहे का, की पियानोसारखी बाहेर आलेली, तळहात घासला तर लागेल अशी? मागे एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने आवाज कमीजास्त करायचं पेडल, लावायची सोय आहे का? तिन्हींना हो असेल तर पुढे बोला.

तिसरी वाट जुन्या, खऱ्या हॅमंडची. बी-३ हा १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तयार होत होता. पेडल आणि बाकासकट त्याचं वजन सुमारे १९० किलो. कुणी परदेशातून परतताना आणलेला, किंवा जुन्या सभागृहात पडून असलेला असा एखादा ऑर्गन समोर आला, तर वायर भिंतीत खुपसण्याआधी मागची पाटी वाचा. अमेरिकेतली वीज ११० व्होल्टच्या आसपास आणि ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरवता येतं. फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. मोटर तर फ्रिक्वेन्सीलाच धरून फिरते! म्हणजे सेकंदाच्या २० फेऱ्यांऐवजी साडेसोळाच्या थोड्या वर, आणि पांढरी सहा दाबली की ऐकू येते काळी तीन, तीही किंचित उतरलेली. सगळा ऑर्गन तीन सुरांहून थोडा जास्त खाली जातो. त्यासाठी फ्रिक्वेन्सी बदलणारा कन्व्हर्टर लागतो. एका ओळखीच्यांच्या घरी असा उतरलेला ऑर्गन 'बिघडलेला' म्हणून वर्षानुवर्षं चादरीखाली होता. त्यात बिघाड काहीच नव्हता.

चालू करायलाही रीत आहे. बी-३ला दोन खटके असतात : स्टार्ट आणि रन. सिंक्रोनस मोटर स्वतःहून वेग धरत नाही, म्हणून तिला आधी दुसरी छोटी मोटर फिरवून देते. स्टार्टचा खटका आठेक सेकंद धरून ठेवा. तो न सोडता रन लावा. दोन्ही चारेक सेकंद तसेच राहू द्या, मग स्टार्ट सोडा. आतून चाकांची हलकी घरघर ऐकू येते. ती यायलाच हवी. वर्षातून एकदा जनरेटरला तेल द्यावं लागतं, आणि तेही हॅमंडसाठीचंच. शिलाई मशीनचं तेल टाकायचा मोह आवरा. आतल्या सुती धाग्यांमधून तेल बेअरिंगपर्यंत झिरपत जातं. चुकीच्या तेलाने तिथे चिकटा धरतो आणि मग चाकं अडकतात.

नवख्याला माझा सल्ला विचाराल तर पहिली वाट धरा. सहा महिन्यांनी दुसरीचा विचार करा.

नऊ दांड्या, सरगमच्या भाषेत

इंग्रजी पुस्तकांत या ड्रॉबारना पाइपच्या लांबीवरून नावं आहेत : १६ फूट, ५ १/३ फूट, ८ फूट वगैरे. नवखा माणूस इथेच गोंधळतो. ज्याने तानपुरा ऐकला आहे त्याला मात्र हे अवघड जायचं कारण नाही.

पांढरी एक दाबा आणि तिला सा माना. सगळ्या दांड्या आत ढकला. आवाज बंद. आता डावीकडून तिसरी, पांढरी दांडी पूर्ण ओढा. हा ८ फूट. आला तो मध्य सा, अगदी कोरा, गोल, बासरीच्याही पलीकडचा साधा सूर. बाकीच्या आठ दांड्या याच्याभोवती आहेत.

चौथी दांडी, पांढरी : तार सा. सहावी, पांढरी : त्याच्याही वरचा सा. नववी, पांढरी : आणखी एक सप्तक वरचा सा. म्हणजे पांढऱ्या दांड्या सगळ्या षड्ज आहेत. ओढा, ढकला; सूर बदलत नाही, फक्त उजळतो.

आता काळ्या. पाचवी : तार सप्तकातला पंचम. आठवी : त्याच्या वरच्या सप्तकातला पंचम. आणि सातवी तो गंधार. काळ्या दांड्यांनी सुराला रंग येतो. सातवी हळूहळू ओढत जा, एकेक आकडा. प्रत्येक दांडीवर १ ते ८ आकडे कोरलेले आहेत. दोन-तीनपर्यंत गंधार वेगळा ऐकू येत नाही, साच जरा रसाळ होतो. सहा-सातला तो सामधून फुटून बाहेर येतो आणि स्वतंत्र सूर होतो. ही सीमा कुठे आहे ते स्वतःच्या कानाने शोधा.

डावीकडच्या दोन तपकिरी : पहिली मंद्र सा, दुसरी मध्य सप्तकातला पंचम. दुसऱ्या दांडीने मला बरेच दिवस चकवलं. ती डावीकडे असूनही तिचा सूर मध्य साच्या वर आहे. कारण ती पहिल्या दांडीच्या कुटुंबातली आहे : मंद्र साच्या स्वयंभू सुरांतला तिसरा, जसा तानपुऱ्यात खर्जावर पंचम येतो.

तानपुऱ्यातल्या या मालिकेत सातवा स्वयंभू सूरही असतो, कोमल निषादाच्या खालचा. हॅमंडने त्याला दांडी दिली नाही. सहाव्या स्वयंभू सुरावरून थेट आठव्यावर उडी. निदान बी-३वर तरी तो शोधत बसू नका.

या दांड्यांची मांडणी आकड्यांत लिहितात, दोन-चार-तीन असे तुकडे पाडून. ०० ८००० ००० म्हणजे फक्त तिसरी पूर्ण बाहेर. सुरुवातीला एवढ्या चार मांडण्या पुरेत. ही पहिली, कोऱ्या सुराची. दुसरी ८८ ८००० ०००, जॅझवाल्यांची. जिमी स्मिथच्या वादनाशी तिचं नाव जोडलेलं आहे. तिसरी ८८ ८८८८ ८८८, सगळं उघडं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भजनाचा जोर शिगेला पोचला की येणारा आवाज. चौथी ८० ०००० ००८ : तळाचा सा आणि अगदी वरचा सा, मधलं घर रिकामं. संथ चालीला ती शीळ घातल्यासारखी लागते. तयार आवाजांची बटणं पहिला महिनाभर दाबूच नका. दांड्या हाताने ओढूनच कान तयार होतो.

बोटं

पेटी वाजवणाऱ्याला इथे पियानोवाल्यापेक्षा सोपं जातं. पट्टी जोरात मारली काय, हळू दाबली काय, आवाज तेवढाच. बोट उचललं की सूर तत्काळ तुटतो. पियानोसारखं पायाने तो लांबवता येत नाही. म्हणून सूर बोटांनीच जोडायचे.

पहिला सराव : एक पट्टी तर्जनीने दाबा, सूर न तोडता त्याच पट्टीवर अंगठा आणा आणि तर्जनी मोकळी करा. मग मधलं बोट. पाच मिनिटं एवढंच. दुसरा : भूपाचे सूर, सा रे ग प ध सां, इतके जोडून की मधे फट राहू नये, आणि दोन सूर एकमेकांवर चढूही नयेत. संथ. तिसरा : तळहाताची कड पट्ट्यांवरून वरून खाली घसटत आणा. ऑर्गनवाले हे सर्रास करतात, आणि गोल कडेच्या पट्ट्या त्यासाठीच हव्या असतात.

पट्टी दाबताना एक बारीक 'टक्' ऐकू येते. पट्टीखाली नऊ संपर्क असतात, प्रत्येक दांडीसाठी एक, आणि ते अगदी एकाच क्षणी जुळत नाहीत. हॅमंडच्या इंजिनिअरांना हा दोष वाटायचा. वादकांना तो आवडला, कारण बोटाला ठसका मिळतो. तुमच्या कीबोर्डवर त्याचं प्रमाण ठरवता येत असेल तर मधे कुठेतरी ठेवा.

पर्कशन नावाचे चार खटके बी-३वर उजवीकडे वरती आहेत. सुराच्या तोंडाला ते घंटेसारखा एक टणत्कार जोडतात. ८८ ८००० ००० सोबत पर्कशन लावा, तिसरा हार्मोनिक (म्हणजे तिसरा स्वयंभू सूर), सौम्य, जलद. जॅझचा तो ओळखीचा आवाज येईल. मात्र टणत्कार फक्त सगळी बोटं उचललेली असताना दाबलेल्या पहिल्या सुरालाच येतो. एक बोट जरी खाली राहिलं तरी पुढचा सूर कोरा. नवखे म्हणतात, पर्कशन मधूनच बंद पडतं. बंद पडत नाही. बोट राहिलेलं असतं. कुठे बोट ठेवायचं आणि कुठे उचलायचं, हेच मग वाक्याचं व्याकरण होतं. शिवाय पर्कशन लावलं की बी-३च्या दोन कीबोर्डांपैकी वरच्यावर नववी दांडी निकामी होते, कारण तिचाच संपर्क पर्कशनच्या कामाला जुंपलेला असतो. आवाज मंदावला म्हणून घाबरू नका.

उजवा पाय म्हणजे भाता

बोटांत जोर नाही, मग भाव कुठून येणार? पायातून. एक्स्प्रेशन पेडलवर उजवा पाय सतत हवा, आणि तो सतत थोडाथोडा हलायला हवा. पेटीवर भात्याचा हात जसा गाण्याबरोबर श्वास घेतो, तसा. पहिल्या आठवड्यात एकच सूर दाबून ठेवा आणि पायाने चार मात्रांत वाढवा, चार मात्रांत उतरवा. पेडल कधी तळाला टेकवू नका आणि कधी पूर्ण मिटू नका. पायात खडबडीत तळाचा बूट नको; मोजे घालून बरं जमतं.

लेस्ली

हॅमंडचा जो आवाज रेकॉर्डवर ऐकून तुम्ही इथवर आलात, त्यात निम्मा वाटा डोनाल्ड लेस्लीचा (१९११–२००४) आहे. त्याच्या लाकडी पेटाऱ्यात वर एक फिरता कर्णा आणि खाली मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी फिरता ढोल असतो. कर्णा तुमच्याकडे येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो. स्टेशनातून सुसाट जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखं. कर्ण्याला तोंडं दोन, पण आवाज एकातूनच. दुसरं तोल साधायला. लॉरेन्स हॅमंडला हा स्पीकर आवडत नव्हता आणि त्याने तो विकायला नकार दिला. वादकांनी मात्र हॅमंडला लेस्लीच जोडला.

वेग दोन. संथ, मिनिटाला सुमारे ४० फेऱ्या. आणि जलद, सुमारे ४००. डिजिटल वाद्यांवरही त्यासाठी खटका असतो. खरी गंमत या दोन वेगांच्या मधल्या प्रवासात आहे. हलका कर्णा चटकन वेग धरतो, जड ढोल मागून रेंगाळत येतो, आणि त्या काही सेकंदांत सूर उकळी फुटल्यासारखा वर येतो. म्हणून खटका जिथे हवा त्याच्या थोडा आधी दाबायचा. सुरुवातीला सगळे जलदवर ठेवून वाजवतात. तसं करू नका. संथवर वाजवा, लांब सूर धरला की जलद करा, ओळ संपताना पुन्हा संथ. ठुमरीत मुरकी कुठे घ्यायची हे जसं शब्द सांगतात, तसं इथे ओळ सांगते.

डावा हात

दोन कीबोर्ड असतील तर खालच्यावर ८३ ८००० ००० लावा आणि डाव्या हाताने फक्त खर्जाचे सूर चालवा, एका मात्रेला एक. जॅझचे ऑर्गनवादक बास वाजवणाऱ्या साथीदाराशिवाय असंच भागवतात. एकच कीबोर्ड असेल तर तो मधोमध दुभागून घ्या. २५ सुरांच्या पायपट्ट्यांच्या नादी वर्षभर तरी लागू नका.

ऐकायचं ते निवडून ऐका. जिमी स्मिथ ऐकताना डावा हात शोधा. बुकर टी. जोन्स हा एम-३ या छोट्या मॉडेलवर किती कमी सुरांत भागवतो ते पाहा. डीप पर्पल या रॉक बँडचा जॉन लॉर्ड ऐकलात तर लक्षात ठेवा की त्याने ऑर्गन गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला. त्या आवाजामागे दांड्या शोधत बसलात तर सापडणार नाहीत.

पुन्हा सातवी दांडी

महिन्याभराने हा प्रयोग करा. तानपुरा किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी एकला लावा, चांगला दहा मिनिटं वाजू द्या. ऑर्गनवर मध्य सप्तकाच्या खालच्या सप्तकातली पांढरी एक दाबा, ०० ८००० ०००. दोन्ही सा एकमेकांत विरघळतात. आता सातवी दांडी ओढा. दोन गंधार ऐकू येतील आणि त्यांच्यात सेकंदाला सुमारे पाच लाटा उठतील. कारण हॅमंडने गंधारासाठी वेगळं चाक ठेवलं नाही. पांढऱ्या तीनचंच चाक उसनं घेतलं आहे, आणि ते पाश्चात्त्य समान अंतराच्या पट्टीतलं, स्वयंभू गंधारापेक्षा चढं. दांडी दोनवर आणा. लाटा जवळजवळ पुसल्या जातात, पण रंग राहतो. तानपुऱ्याबरोबर वाजवताना मी सातवी दोनच्या पुढे नेत नाही. एकट्याने वाजवताना खुशाल चारपर्यंत जा.